रिकाम्या जागेतली मावशी

सिंह कुणीही दाखवतो, असं एफ्राइम उइसेब म्हणायचा. सिंहाला पाय असतात, पायांचे ठसे असतात, ठशांमागे गेलं की सिंह मिळतो. त्यात कसली अक्कल? हत्तीचं तर त्याहून सोपं. पण माणसाला नेऊन ‘काहीच नाही’ दाखवायचं आणि ते पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, हे काम वाळवंटातल्या हुआब नदीच्या कोरड्या पात्रापासून समुद्रापर्यंत एकाच गाईडला जमतं. तो गाईड कोण, हे सांगण्याइतका एफ्राइम उद्धट नव्हता. तो नुसती शर्टाची कॉलर नीट करायचा.

तिथल्या एका लॉजवर त्याला कामाला बारा वर्षं झाली होती. लाल दगडांच्या उतारावर दहा तंबू, प्रत्येक तंबूपुढे लाकडी ओटा, आणि ओट्यावर पितळी नळाचा टब. लोक हजारो मैल उडून यायचे आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून वाळवंट बघायचे. पण त्या वर्षी दहापैकी सहा तंबू बंद होते. धुणीभांडी आणि झाडलोट करणाऱ्या तीन बायकांना ‘कळवू तेव्हा या’ म्हणून घरी पाठवलं होतं. म्हणून स्वित्झर्लंडहून उर्स आणि रेगुला हे जोडपं आलं, तेव्हा मॅनेजर आनेलीबाईंनी एफ्राइमला कोठीच्या खोलीत बाजूला घेतलं.

“हे दोघं तिकडच्या लोकांना सहली आखून देतात,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या यादीत आपलं नाव लागलं तर बायका परत कामावर येतील. नाही लागलं तर मलाही दुसरं काहीतरी बघावं लागेल.”

“त्यांना काय हवंय?”

“एकांत. रेगुलाबाई काल जेवताना तीनदा म्हणाल्या. जिथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही अशी जागा हवी.”

“मग झालंच समजा.”

“एफ्राइम, जास्त करू नकोस.”

“बाई, असं काही दाखवतो की घरी जाऊन दोघं फर्निचर विकून टाकतील.”

सकाळी सातला जीप निघाली. एफ्राइमने कडक इस्त्रीचा गणवेश घातला होता. तासाभराने तो टेकडीखाली थांबला, आणि पुढची दोनशे पावलं त्याने दोघांना डोळे मिटायला लावून, हात धरून चालवलं. ही त्याची ठेवणीतली युक्ती. वर मोठ्या लाल खडकापाशी आणून तो हळूच म्हणाला, “आता उघडा.”

समोर काही म्हणजे काहीच नव्हतं. पिवळं गवत, त्यापलीकडे करडी खडी, त्यापलीकडे निळसर डोंगर, आणि वर हे एवढं आभाळ. रेगुलाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. पन्नाशीच्या, नाजूक, उन्हाने नाक लाल झालेल्या बाई होत्या त्या. उर्स उंच, अबोल. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि तो त्याने अजून उचललाही नव्हता, हे एफ्राइमने शुभशकुन म्हणून टिपून ठेवलं.

“इथून समुद्रापर्यंत एक माणूस नाही,” एफ्राइम इंग्रजीत म्हणाला. “मी स्वतः इथे येतो, तेव्हा आधी मनातल्या मनात परवानगी मागतो.”

हे वाक्य त्याने अंघोळ करताना जुळवलं होतं. ते चांगलंच लागू पडलं. रेगुलाबाईंचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच खडकाच्या मागे एक गाढव ओरडलं.

गाढवाचं ओरडणं असं असतं की त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. एफ्राइमने तरी प्रयत्न केला. “जंगली,” तो म्हणाला. तेवढ्यात खडकाला वळसा घालून गुलाबी फुलांचा पायघोळ झगा आणि डोक्याला चापून बांधलेला रुमाल समोर आला. आत ओटिली मावशी होती.

ओटिली मावशी म्हणजे एफ्राइमच्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मावशीने त्याला आणि त्याच्या दोन्ही बहिणींना उचललं, आपल्या चार पोरांत मिसळलं, आणि सगळा तांडा घेऊन ती समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड शहरात एका जर्मन बेकरीवाल्याच्या घरी कामाला राहिली. एकोणीस वर्षं. आता गुडघे गेले म्हणून गावी परतली होती. गाव म्हणजे त्याच टेकडीच्या मागे, गाढवगाडीने वीस मिनिटांवर. बारा घरं, एक शाळा, एक चर्च.

“ही कोण?” रेगुलाबाईंनी कुजबुजत विचारलं.

खरं सांगायला त्याला एक क्षण होता. ‘माझी मावशी’ एवढे दोन शब्द. पण त्या दोन शब्दांमागून बारा घरं येणार होती, शाळा येणार होती, आणि ‘समुद्रापर्यंत एक माणूस नाही’ या वाक्याचं काय करायचं हा प्रश्न येणार होता. एफ्राइमला घरी बसवलेल्या तीन बायका आठवल्या. निदान नंतर त्याने स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे त्याला आठवली ती स्वतःची कॉलर.

“भटके लोक आहेत,” तो म्हणाला. “वाळवंटातले. वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाहीत.”

“तुम्ही ओळखता हिला?”

“नाही.”

हा ‘नाही’ म्हणताना त्याची मान आपोआप खाली गेली. मावशीला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ‘नो’ कुणाला कळत नाही?

ती चार पावलं पुढे आली आणि आपल्या भाषेत म्हणाली, “माझी साखर आणलीस?”

“काय म्हणाली?” रेगुलाबाईंनी श्वास रोखून विचारलं. मावशीच्या भाषेतल्या, जिभेने काढायच्या टकटक आवाजांनी त्या अगदी मोहरून गेल्या होत्या.

“सूर्याला नमस्कार करतेय.”

“साखर,” मावशी म्हणाली. “आणि गाढवाच्या कानाचं मलम. तीन आठवडे झाले. आणि या बाईला टोपीशिवाय उन्हात का उभी केलीस? नाक बघ तिचं, टोमॅटो झालंय.”

“तुमचं येणं शुभ आहे म्हणते,” एफ्राइमने भाषांतर केलं. मग तोंडावर हसू तसंच ठेवून तो मावशीला म्हणाला, “मावशी, तुझ्या हातापाया पडतो. दहा मिनिटं गप्प राहा. हे मोठे लोक आहेत. मी त्यांना सांगितलंय की तू कुणीतरी भटकी आहेस आणि मी तुला ओळखत नाही.”

मावशीने त्याच्या बुटांपासून टोपीपर्यंत एकदा पाहिलं. मग ती हसली. हे हसू एफ्राइमला लहानपणापासून ठाऊक होतं. बेकरीवाल्याच्या कपाटातला केक कुणी खाल्ला, असं विचारण्याआधी ती असंच हसायची.

“बरं,” ती म्हणाली. “मग भटक्यांची रीत सांग त्यांना. भटकी बाई भेटली की तिच्या गाडीचं वाळूत रुतलेलं चाक पुरुषमाणसाने एकट्याने काढायचं. त्या उंच माणसाने हात लावायचा नाही.”

गाडी खडकामागे रुतलेली होती. एफ्राइमने रीत समजावून सांगितली आणि गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसायला घेतली. उर्सने आता कॅमेरा उचलला. दहा मिनिटांत इस्त्री गेली, वीस मिनिटांत चाक निघालं.

“दुसरी रीत,” मावशी म्हणाली. “उजवीकडच्या गाढवाच्या मागच्या खुरात काटा आहे. चार दिवसांपासून लंगडतंय.”

“मावशी, ते लाथ मारतं.”

“हो, मारतं.”

काटा निघाला, लाथही बसली. मांडी चोळत एफ्राइमने सांगितलं की हा आशीर्वाद असतो. रेगुलाबाईंनी ते लहानशा वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात मावशीची छाती गायला लागली. तीन आवाजांत, पेटीच्या साथीवर, चर्चमधलं गाणं. झग्याच्या आत कापडी पिशवीत तिचा फोन होता. ती त्यासाठीच तर इथे आली होती. बारा घरांना मिळून फोनला रेंज येणारी हीच एक जागा, या लाल खडकाजवळ. एफ्राइमला हे चांगलं माहीत होतं. नऊच्या आधी तिथे कुणी फिरकत नाही असा हिशेब करूनच तो पाहुण्यांना लवकर घेऊन आला होता. चाक रुतलं नसतं तर मावशीही केव्हाच बोलून परतली असती.

“हे काय वाजतंय?” उर्सने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“माझा रेडिओ,” एफ्राइम म्हणाला आणि स्वतःच्या खिशावर थापट्या मारू लागला. गाणं थांबेना. त्याने दुसऱ्या खिशावर मारल्या. दुसरं कडवं सुरू झालं. मावशी डोंगराकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, “उचल की मग.”

गाणं आपोआप थांबलं तेव्हा एफ्राइमच्या पाठीवरून घाम खाली उतरत होता. त्याला वाटलं, संपलं. पण रेगुलाबाईंना मुळी संशय घेताच येत नव्हता. त्या म्हणाल्या, “आपला नाश्ता आहे ना जीपमध्ये? तिलाही बोलवा. प्लीज.”

म्हणून घडीचं टेबल आलं, पांढरा कपडा आला, चार खुर्च्या आल्या. एफ्राइम मांडामांड करत होता, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही म्हणतात तसं बोलत सुटला होता. या लोकांनी खुर्ची पाहिलेली नसते. काटाचमचा माहीत नसतो. पिठाचा पाव माहीत नसतो. दुसऱ्या कुणी हे त्याच्या गावाबद्दल सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाला जीपमधून खाली उतरवलं असतं.

मावशी खुर्चीजवळ गेली. तिने खुर्चीला एक फेरी घातली. पाठीला बोट लावून पाहिलं. मग ती हळूहळू, दोन्ही हातांनी गुडघे धरून, तोंडातून हूं न काढता बसली. रेगुलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. एफ्राइमला मात्र ते गुडघे दिसले. ते दुखतात तेव्हा ती कशी बसते हे त्याला माहीत होतं. मागच्याच वर्षी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. गंमत कुठेतरी सरली होती आणि ती कधी सरली हे त्याला कळलं नव्हतं.

रेगुलाबाईंनी चमचा उचलून तिच्या हातात दिला. मावशीने तो उलटसुलट करून पाहिला.

“ही सुरी डाव्या बाजूला कुणी ठेवली?” तिने आपल्या भाषेत विचारलं.

“मी.”

“कप वाकडा आहे. रुमालाची घडी सुटलीय. बेकरीवाल्याच्या टेबलावर तुला कितीदा शिकवलं होतं?”

“मावशी, आत्ता नको.”

“लाज नाही वाटत?”

ती टेबलाबद्दल बोलत होती. आवाजही तिने चढवला नव्हता. पण एफ्राइमला वर बघता येईना. बारा वर्षांपूर्वी या लॉजवर त्याला काम मिळालं होतं ते ठसे ओळखतो म्हणून नव्हे. मुलाखतीत त्यांनी त्याला सहा जणांचं टेबल मांडायला सांगितलं होतं, आणि तो एकटाच ते न चुकता मांडू शकला होता.

“ती काय म्हणतेय?” रेगुलाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

रेगुलाबाई नवऱ्याकडे वळून जर्मनमध्ये बोलू लागल्या. त्यांचा हेल डोंगराकडचा होता, पण मावशीला तो सगळा कळत होता. एकोणीस वर्षं तिने त्याच भाषेत पीठ मळलं होतं. “किती एकटी आहे बिचारी,” बाई म्हणत होत्या. “या वयात. हिचं जगात कुणी नाही, आणि आपण एकांत हवा म्हणून इथे येतो.” उर्स हलकेच म्हणाला, “मला या गाईडचं वागणं आवडलं नाही. तो तिच्याबद्दल असं बोलतो जसं काही ती माणूसच नाही.”

मग रेगुलाबाई उठल्या. त्यांनी आपल्या गळ्यातला निळा रेशमी रुमाल काढला, मावशीच्या खांद्यावर घातला, आणि तिचा हात हातात घेऊन खरोखर रडू लागल्या.

आता मावशीचं हसू गेलं. भाच्याची खोड मोडायला तिची काही हरकत नव्हती; पण एका भल्या बाईला आपल्यासाठी फुकट रडवायचं, हे तिला मानवलं नाही. तिने दुसरा हात बाईंच्या हातावर ठेवला आणि जुन्या, स्वच्छ, बेकरीवाल्याच्या घरच्या जर्मनमध्ये म्हणाली, “रडू नका हो. माझं पुष्कळ आहे. सात मुलं वाढवली मी. चार माझी, तीन माझ्या बहिणीची.” मग तिने चमच्याने एफ्राइमकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. “त्यांतलाच हा.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं एफ्राइमला वाटलं. त्या भागात धरणीला भेगा पुष्कळ आहेत, पण माणूस मावेल अशी एकही जवळपास नव्हती.

उर्सने कॅमेरा टेबलावर ठेवला. रेगुलाबाईंनी एफ्राइमकडे पाहिलं, पण रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर त्याने खुशाल सोसलं असतं. त्या गोंधळून पाहत होत्या, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं तशा.

“ही तुमची मावशी आहे?”

“हो.”

“सख्खी?”

“हो.”

“मग तुम्ही असं का केलंत?”

एफ्राइमने टोपी काढून हातात धरली. “तुम्हाला रिकामी जागा हवी होती,” तो शेवटी म्हणाला, आणि ते स्वतःच्याच कानांना इतकं भिकार वाटलं की त्याने टोपी परत घातली.

“मुलगा वाईट नाही,” मावशी बाईंना म्हणाली. “खोटं बोलायची सवय नाही त्याला. बघा ना, किती वाईट बोलला.”

याहून जास्त फजिती होऊ शकत नाही, असं त्याला वाटलं. पण घड्याळात नऊ वाजले होते. टेकडीच्या त्या बाजूने शाळेचे हेडमास्तर गोटलीब चढून आले, हातात फोन. “सुप्रभात. अरे एफ्राइम, आज तू इथे?” त्यांच्यामागून गावातल्या दोन तरुण सुना आल्या, पाठीला बाळं बांधून. मग बकऱ्यांच्या औषधासाठी दुकानदाराला फोन करायला आलेले एक गृहस्थ. मग आणखी दोघं. साडेनऊपर्यंत लाल खडकाशी सहा माणसांची रांग लागली होती, आणि जो येईल तो एफ्राइमचं नाव घेऊन त्याची विचारपूस करत होता. हेडमास्तरांनी रेगुलाबाईंना खडकावर नेमकं कुठे उभं राहिलं की आवाज स्पष्ट येतो तेही दाखवलं. बाईंनी तिथून बर्नला आपल्या मुलीला फोन लावला.

लॉजवर पोहोचल्यावर एफ्राइमने आनेलीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “जास्त करू नकोस म्हटलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस पाहुण्यांना गाईड लागला नाही. ते सकाळी मावशीकडे जायचे आणि दुपारी परतायचे. रेगुलाबाई तिथे बकरीचं दूध काढायला शिकल्या, मावशीने त्यांना सफरचंदाच्या केकमध्ये किती लोणी घालायचं ते सांगितलं. जाण्याआधी उर्सने तिला विचारलं, पुढे आमचे लोक असे भेटायला आले तर चालेल का? मावशीने विचार केला. “पाहुणे आले तर चहा मिळेल,” ती म्हणाली. “बघायला आले तर गाढवं दाखवीन.”

दीड महिन्याने पत्र आलं. लॉजचं नाव यादीत लागलं होतं. सगळे तंबू काही भरले नाहीत, पण दोन उघडले, आणि तीनपैकी दोन बायका कामावर परतल्या. तिसरीने यायला नकार दिला. ती गोटलीब हेडमास्तरांची सून होती, आणि तिने सासऱ्यांकडून जे ऐकलं होतं त्यावरून तिचं म्हणणं असं की जिथे मावशीला ओळखत नाहीत तिथे आपण काम करणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. पाहुणे गेले त्या शनिवारी एफ्राइम मावशीच्या दारात उभा होता. एका हातात साखरेची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात मलमाच्या दोन डब्या, आणि डोक्यात तीन दिवस घोकलेली माफी. मावशीने साखर घेतली. डब्या घेतल्या. झाकण उघडून वास घेतला.

“मावशी, त्या दिवशी मी...”

“उद्या चर्चला येणार का?”

“येतो. तुला न्यायला जीप आणतो.”

“जीप नको. गाढवगाडीने जाऊ.”

रविवारी सकाळी त्याने गाडी जुंपली. मावशी शेजारी बसली, खांद्यावर निळा रेशमी रुमाल. पहिल्या घरापुढे तिने लगाम ओढला. घरातली माणसं बाहेर आली. एफ्राइमला ती जन्मापासून ओळखत होती. त्यांतल्या एकीने तर त्याला पाजलंही होतं.

“हा एफ्राइम,” मावशी म्हणाली. “माझ्या बहिणीचा मुलगा. मी वाढवला.”

घरातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे गंभीर चेहऱ्याने पुढे आले आणि एकेकाने त्याच्याशी हात मिळवला. “भेटून आनंद झाला,” ते म्हणाले. “कुठले आपण?”

दुसऱ्या घरापुढे तेच. तिसऱ्या घरापुढे तेच. पाचव्या घरी एका चिमुरडीला हसू आवरेना, तर तिच्या आईने तिला आत पाठवलं. एफ्राइम प्रत्येक ठिकाणी खाली उतरायचा, हात मिळवायचा, कान लाल करून परत चढायचा. गाढवांनाही आता सवय झाली होती. ती न सांगता थांबत होती.

शेवटचं घर चर्चला लागून होतं. तिथे अंगणात म्हातारे याकोबुस बाबा बसले होते, नव्वदीचे, नजर गेलेले. त्यांना मात्र खरंच काही दिसत नव्हतं.

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मावशी एफ्राइमकडे बघत राहिली.

“मी एफ्राइम,” तो म्हणाला. “ओटिली मावशीचा.”

“हां?”

“जरा मोठ्याने,” मावशी म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं.”

“मी एफ्राइम,” तो ओरडला. चर्चच्या पायरीवरची माणसं वळून पाहू लागली. “ओटिली मावशीचा. ही माझी मावशी आहे.”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी चाचपडत एफ्राइमचा हात धरला आणि ते तो बराच वेळ हलवत राहिले.

“हां हां, आलं लक्षात,” ते म्हणाले. “तोच ना रे, तिला ओळखत नाही म्हणाला तो?”